न पाहिल्याचा रिवाज

"या सभागृहात कुणालाही नकार दिला जात नाही. डोळा विचारतो, डोळा उत्तर देतो. ज्याची इच्छा नसेल त्याला दिसत नाही, आणि जे दिसलेच नाही त्याने कुणाचा अपमान होत नाही."

बोएदो वस्तीतल्या त्या टँगो-क्लबाच्या दारावर चिकटवलेल्या नऊ नियमांपैकी हा चौथा. पहिले तीन किरकोळ स्वच्छतेचे आहेत आणि उरलेले पाच चौथ्याचेच पोटनियम आहेत. वाक्य देखणं आहे, यात शंका नाही; शहरातल्या इतर टँगो-बैठकांनी ते उचललं, परदेशी पाहुण्यांनी त्याचे फोटो काढून नेले, आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेची इतकी नाजूक काळजी घेणारी संस्कृती जगात दुसरी नाही, असं एका पाहुण्या समाजशास्त्रज्ञाने गहिवरून म्हटल्याचंही सांगतात. आता ते वाक्य जरा उलगडून पाहावं. कुणालाही नकार दिला जात नाही, हे खरंच आहे. मृत्यूची नोंदवही न ठेवणाऱ्या गावात कुणी मरत नाही, तितकंच खरं. डोळा विचारतो, डोळा उत्तर देतो; म्हणजे माणसं या व्यवहारात कुठेच नाहीत, दोन अवयवांचा आपापसातला करार आहे आणि त्याची जबाबदारी मालकांवर येत नाही. आणि ज्याची इच्छा नसेल त्याला दिसत नाही, या तिसऱ्या कलमात तर अनिच्छेला सरळ आंधळेपणाचं प्रमाणपत्र देऊन सोडून दिलेलं आहे. रोमन कायद्यातही अशा मानीव गोष्टी होत्या. शत्रूच्या कैदेत मेलेला नागरिक पकडला गेला त्या क्षणीच मेला असं धरायचं, म्हणजे त्याचं मृत्युपत्र टिकतं. पण रोमन निदान आपण धरून चाललो आहोत हे लिहून ठेवत. इथे ते लिहिलेलं नाही. नियमांची भाषा जाणूनबुजून तशी ठेवण्यात आली होती, हे इर्मा सुबिएताला इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण विद्यापीठात एकतीस वर्षं रोमन कायदा शिकवलेल्या इर्माकडूनच बैठकीच्या चालकाने, आन्सेल्मोने, चौदा वर्षांपूर्वी ते नऊ नियम लिहून घेतले होते.

जुलैतल्या, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतल्या, त्या शनिवारी, दुपारी पावणेपाचच्या सुमारास, नियमांची ही कर्ती भलत्याच वेळी उभी राहिली. समोरच्या, पुरुषांच्या रांगेतून निळ्या टायच्या एका गृहस्थाने पाहिलं होतं, म्हणजे नाचायला बोलावलं होतं. इर्माने मान किंचित झुकवली होती, म्हणजे होकार दिला होता. वाद्यवृंदाचा नवा फेर, चार गाण्यांचा, नुकताच सुरू झाला होता. तो गृहस्थ फरशीच्या कडेकडेने, रीतसर, चालत येत होता. पुरुष अगदी समोर येऊन थांबेपर्यंत बाईने खुर्ची सोडू नये, हा सातवा नियम. कारण एका नजरेच्या रेषेत दोन टेबलं असू शकतात. इर्मा एकाहत्तर वर्षांची होती, बावीस वर्षं पहिल्या ओळीतल्या त्याच टेबलाशी बसत होती, आणि ती तो तीन पावलांवर असतानाच उठली. मांडीवरची पर्स तिने टेबलावर ठेवली. डावा हात उचलला गेला होता की नाही, हे तिला नंतर आठवेना. त्या गृहस्थाने खांदा जरासा तिरका केला, अडगळीत ठेवलेल्या कपाटाला वळसा घालताना आपण करतो तसा, आणि तो तिच्या मागच्या टेबलावरच्या चाळिशीच्या बाईपुढे जाऊन थांबला. त्यात अपमान नव्हता. तो अत्यंत सभ्यपणे गेला होता. इर्माने शाल काढली, घडी मोडली, पुन्हा पांघरली, जणू उठण्याचं कारण तेवढंच होतं. आणि बसताना गुडघ्यात जो कट्ट आवाज झाला तो तिला व्हायोलिनांच्या वर ऐकू आला.

"राष्ट्रगीत लागलं की काय गं?" शेजारच्या चोलाने ओठ न हलवता विचारलं. चोला तिच्याच टेबलावर बसे, चौदा वर्षं.

"पाय आखडला होता."

"माझाही आखडतो. पण बसल्या बसल्या आखडतो. तुझा टाय बघून आखडतो." मग जरा थांबून, दयेने, "माझं लक्ष नव्हतं हो. मी काही बघितलं नाही."

चोलाने तिला जे देऊ केलं होतं ते या सभागृहातलं सर्वांत महाग दान होतं, आणि ते घेताना इर्माला केवळ दमल्यासारखं झालं. लाज वाटायला हवी होती. लाजेलाही काही अंगात बळ लागतं. दुपारचा उजेड उंच खिडक्यांमधून फरशीवर पडला होता आणि त्यात जोडपी उजवीकडून डावीकडे, घड्याळाच्या उलट, सरकत होती, डोळे मिटलेल्या बायका आणि डोळे उघडे ठेवावे लागणारे पुरुष. डांबरगोळ्या, ओला लोकरी कपडा, तळलेल्या एम्पनादांचं, खिम्याच्या करंज्यांचं, तूप, यांचा वास. तिला आठवलं की हा तिरका खांदा तिने आज प्रथम पाहिला नव्हता. तिला तो स्नायूंमध्ये ठाऊक होता. पुरुषाला चालत जाताना खांदा तिरका करावा लागतो. बसलेल्या बाईला तेच काम डोळ्यांनी करता येतं, आणि ती ते गेल्या वर्षी थंडीभर करत होती, इतक्या सफाईने, की आपण काही करतो आहोत असंही तिला कधी वाटलं नव्हतं. बुटाचा बंद नीट करायचा. हातपंख्याच्या घड्या मोजायच्या. पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचायचं; त्यावरचं सोडियमचं प्रमाण तिला अजून पाठ होतं. पुरुषांच्या बाजूला, भिंतीवरच्या हीटरजवळ, एउसेबियो बोनफान्ती बसलेला असे. त्याच्या दिशेला एक गुळगुळीत जागा तयार झाली होती, पाण्यात तेल सांडल्यावर होते तशी, आणि तिची नजर त्या जागेवरून न अडता घसरत जाई.

एकोणीस वर्षं तो तिच्याबरोबर नाचला होता. शनिवारचा तिसरा फेर त्याचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलं नव्हतं. एकाच माणसाबरोबर दोन फेर लागोपाठ नाचले की सभागृह त्याचा अर्थ लावतं, म्हणून त्यांनी एकोणीस वर्षांत कधी दुसरा घेतला नाही. बाहेर कॉफीला चला, असंही तो कधी म्हणाला नाही, कारण त्या कॉफीचाही अर्थ ठरलेला असतो. त्याचं छापखान्यात काम होतं, बहीण होती, एवढंच तिला माहीत. इर्माची आई गेली त्यानंतरच्या शनिवारी ती आली होती, कारण घरात आईची खुर्ची होती. त्या फेरात तो नुसता चालला होता. एक गिरकी नाही, एक थांबा नाही, चार गाणी साधी पावलं, जशी एखाद्याला रस्ता ओलांडून देतात. तिच्या गालाखाली त्याच्या कोटाची कॉलर ओली झाली. दोन गाण्यांच्या मध्ये जोडपी हवापाण्याचं बोलतात; तो म्हणाला होता, यंदा जाकारांदा लवकर फुललाय. मग तिला खुर्चीपर्यंत पोहोचवून, मान लववून, तो गेला होता, आणि ओल्या कॉलरकडे त्याने हात नेला नव्हता.

मग तो आजारी पडला, चार महिने आला नाही, आणि आला तेव्हा त्याची मान हलत होती. सतत, बारीक, कुठल्याशा न विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणत असल्यासारखी. उजवा हातही. पहिल्या शनिवारी ती त्याच्याबरोबर नाचली. हे नोंदवायला हवं. तिच्या पाठीवर त्याचा पंजा टेकला आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी बोटाने भिंत वाजवत असावं तसा तो कंप तिच्या फासळ्यांतून आत येऊ लागला. तालाशी त्याचा काही संबंध नव्हता. तो तालाच्या आधीही होता आणि मधल्या शांततेतही होता. तिला घृणा वाटली नाही. घृणा वाटली असती तर पुढचं सोपं गेलं असतं. ती परत बसली तेव्हा पुढचे दोन फेर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. असं कधी झालं नव्हतं. सभागृह वाचत असतं. कोण कुणाबरोबर नाचलं ते वाचतं आणि त्यावरून प्रत्येकाचं वय, वजन आणि किंमत दर आठवड्याला नव्याने लावतं. एकाहत्तराव्या वर्षाच्या अलीकडेच उभ्या असलेल्या बाईकडे त्या भाषेत फार थोडी अक्षरं उरलेली असतात. पुढच्या शनिवारी तिला बुटाचा बंद सापडला.

फेर अर्ध्यावर असताना फरशीच्या मधोमध गडबड झाली. दरवाज्यातून एक ठेंगणी म्हातारी, अंगात रस्त्यावरचा ओव्हरकोट, हातात भाजीची जाळीची पिशवी, सरळ तिरपी फरशी तुडवत येत होती. जोडपी तिला चुकवत बाजूला होत होती, आणि आन्सेल्मो, रंगवलेल्या केसांचा, छातीशी रुमाल खोचलेला, कडेकडेने तिच्याशी समांतर पळत होता, कारण नाच चालू असताना फरशीवर पाऊल टाकणं त्यालाही शक्य नव्हतं.

"बाई, कडेनं. अहो बाई, कडेनं यायचं असतं."

"कडेनं कशाला? मला कुठं जायचंय ते मला समोर दिसतंय."

ती इर्माच्या टेबलासमोर थांबली. चोलाची पर्स उचलून तिने चोलाच्या हातात दिली आणि त्या खुर्चीवर बसली.

"प्रोफेसर तुम्हीच ना? पहिली ओळ, खांबाशेजारी, करडी शाल. त्यानं सांगितलं तश्शा आहात. मी आयदे बोनफान्ती. एउसेबियोची बहीण."

इर्माने पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं नाही. त्यासाठी थोडा प्रयत्न करावा लागला. "कसे आहेत ते?"

"स्वयंपाकघरात बसलेला असतो. माते-चहा पितो, अर्धा सांडतो. नाचाचं सोडून दिलं तेव्हापासून बोलणं कमी झालंय. पण मी तब्येत सांगायला नाही आले." तिने पिशवी मांडीवर ओढली. "मंगळवारी त्याचं डोळ्यांचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदूचं. लोक चालत जातात, चालत येतात, मला माहितीये. पण याची मान थांबत नाही ना. जागेपणी करता येत नाही, पूर्ण झोपवावं लागेल, आणि काळजाचं हे असं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, बाई, माझे वडील असते तर मी हात लावला नसता. डोळे तसे बरे आहेत, म्हणे. पेपर वाचतो. घोड्यांचे निकालसुद्धा, ती मुंगीएवढी अक्षरं."

"मग कशाला करताहेत?"

"तुमच्यासाठी," आयदे म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. पत्ता सांगावा तसं म्हणाली. "तो म्हणतो, अकरा शनिवार मी प्रोफेसरकडे बघत होतो आणि अकरा शनिवार काही दिसलं नाही. त्या होकार देत असणार, मान हलवत असणार, एवढ्या लांबून मलाच दिसत नसणार. आणि त्यांना वाटत असेल, बोनफान्ती होकार मिळूनही उठत नाही, काय उद्धट माणूस. याचीच त्याला चुटपुट लागून राहिलीय. मी म्हटलं, अरे, नसेल त्यांना नाचायचं. तर मला म्हणतो कसा, तुला त्यातलं काही कळत नाही, आयदे, तिथं कुणी कुणाला नाही म्हणत नाही, दारावर लिहिलंय."

फेर संपला. फेरांच्या मधलं ते क्षुल्लक, नाचता न येणारं संगीत वाजू लागलं आणि फरशी रिकामी झाली. प्रत्येक पुरुष आपल्या बाईला तिच्या जागी पोहोचवून परतला. मधल्या रिकामपणात सगळी माणसं एकमेकांना दिसतात, म्हणून याच वेळी सगळी कुठेतरी दुसरीकडे पाहतात. इर्माच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते भयंकर नव्हतं, हेच त्यातलं भयंकर: तिच्या मनात युक्तिवाद आला. पुरुषांची बाजू तिसऱ्या प्रहरी खिडक्यांच्या उजेडाच्या पाठीमागे असते. हीटरमुळे हवा हलते. तिला स्वतःलाही दूरचं धूसर दिसतं. प्रत्येक वाक्य स्वतंत्रपणे खरं होतं. एकतीस वर्षं तिने मुलांना हेच शिकवलं होतं, की खोटी साक्ष क्वचितच खोट्या वाक्यांची बनलेली असते.

"त्या बाजूला उजेड फार..." तिने सुरुवात केली.

"मी बघितलं आत्ता दारातून," आयदे म्हणाली. "तुम्ही उठलात, तो टायवाला पुढे गेला. मला दारातून दिसलं. माझं वय ब्याऐंशी."

चोलाने खोकल्यासारखं केलं. आन्सेल्मो आता रीतसर कडेने पोहोचला होता आणि टेबलावर दोन्ही हात टेकून, आवाज अगदी मृदू करून म्हणाला, "बाई, तुमचा गैरसमज होतोय. या सभागृहात कुणी कुणाला नाकारत नाही. चौथा नियम..."

"वाचला. चष्मा घालून वाचला, काढून वाचला. दोन्ही वेळेला तेच." ती इर्माकडे वळली. "मला भांडायचं नाहीये. तुम्हाला नाचायचं नव्हतं, नका नाचू, तुमचे पाय आहेत. मला फक्त कळू दे, तुम्ही मान हलवत होता की नाही. हलवत असाल तर झोपवू दे त्याला मंगळवारी, निदान कारण तरी खरं आहे. नसाल हलवत, तर मला थांबवायचंय. पण माझं तो ऐकत नाही. तुमचं लिहिलेलं ऐकेल. तुमचं लिहिलेलं तर तो धरून बसलाय."

तिने पिशवीतून बाजाराची यादी करायची रेघी वही काढली, गाजर-भोपळ्याचं पान उलटलं, आणि पेन्सिल पुढे केली.

आन्सेल्मोचा हात वहीच्या दिशेने जरासा सरकला आणि थांबला. "प्रोफेसर, एक क्षण. तुम्ही हे लिहून दिलंत तर उद्या प्रत्येक जण विचारायला येईल. मला कुणी पाहिलं, कुणी पाहून सोडलं. साठ माणसं आहेत इथे. यांच्यापैकी एकाला तरी परवडेल का? आणि तुमचं म्हणाल, तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. पहिल्या ओळीतलं टेबल तो दर शनिवारी लावत असे; कुणाला कुठे बसवायचं हा त्याचा एकमेव आणि पूर्ण अधिकार होता. तो वाईट माणूस नव्हता. संस्था चालवणाऱ्यांना वाईट असण्याची क्वचितच गरज पडते.

इर्माने पेन्सिल घेतली. थकव्याची एक पातळी अशी असते की तिथून खाली निर्भयता सुरू होते, असं तिला कधीतरी वाटलं होतं. ते खरं नव्हतं, भीती तिथेही सोबत येते, फक्त तिला बसायला जागा मिळत नाही. तिने लिहिलं, सवयीने, सुंदर अक्षरात: "सदर कालावधीत श्री. बोनफान्ती यांच्या दृष्टिक्षेपाची यथोचित दखल घेतली गेली नसण्याची शक्यता नाकारता येत नाही." वही फिरवून आयदेकडे सरकवली.

आयदेने ओठ हलवत दोनदा वाचलं. "यात कुणीच काही केलेलं नाही," ती म्हणाली, आणि वही परत फिरवली.

इर्माने ते खोडलं. नवा फेर लागला होता. बँडोनिऑनचा भाता श्वास ओढून घेतल्यासारखा उघडला, आणि पहिल्या ओळीतल्या बायकांनी पाठी ताठ केल्या. निळा टायवाला पुन्हा बघत होता, या खेपेला कदाचित तिच्याकडेच. मघाच्या चुकीची भरपाई करणारे सभ्य पुरुष असतात. तिला ते जाणवलं, गालावर ऊन पडावं तसं, आणि शरीर आपोआप त्या दिशेला वळू पाहत होतं, एखाद्या रोपट्यासारखं, कसलीही लाज न बाळगता. तिने लिहिलं: "कधी कधी तुमच्याकडे पाहायचं माझ्याकडून राहून गेलं."

"कधी कधीवर तो ऑपरेशन करून घेईल," आयदे म्हणाली. "त्याला ओळखते मी. दहा वेळा राहून गेलं आणि अकराव्या वेळी त्यांनी मान हलवली असेल, असं म्हणेल."

"मला थोडा वेळ द्याल का? घरी जाऊन नीट लिहिते."

"नीट नको लिहू," चोला म्हणाली. इतका वेळ ती पर्स कवटाळून उभी होती, कारण तिची खुर्ची गेली होती, आणि इर्माला अगं-तुगं करायचा तिला हक्क होता. "नीट लिहून लिहून तर ते दार भरलंय. लिही काय झालं ते. मी तिकडं बघते." आणि तिने खरोखरच पाठ फिरवली.

इर्माने पान उलटलं. हात स्थिर होता, याचा तिला क्षणभर राग आला. तिने या खेपेला अक्षराकडे लक्ष दिलं नाही, एकदाही खोडलं नाही, आणि लिहून होताच न वाचता पान फाडून दिलं. आयदेने ते ओठ हलवत वाचलं, तळाशी पोहोचल्यावर ओठ हलायचे थांबले, मग चौघडी करून तिने ते ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि पुन्हा तशीच, तिरपी, फरशी तुडवत निघून गेली. त्या पानावर हे होतं:

"एउसेबियो, तुमचे डोळे चांगले आहेत. ऑपरेशन करू नका. मी एकदाही मान हलवली नाही. अकराही शनिवारी तुम्ही मला दिसत होता. तुमच्याबरोबर नाचले तर बाकीचे माझ्याकडे बघायचे थांबतील, ही मला भीती होती, दुसरं काही कारण नव्हतं. पाचव्या शनिवारी माझी चूक झाली, नजर वर गेली आणि आपली नजरानजर झाली. तुम्हाला तो होकार वाटला. टेबलावर हात टेकून तुम्ही अर्धे उठलात. मी मान खाली घातली आणि तुम्ही परत बसेपर्यंत वर पाहिलं नाही. तुम्हाला बसायला किती वेळ लागला, तेही मला दिसत होतं. इर्मा सुबिएता."